पिंपळखुट्याचा ड्रायव्हर

मागच्या उन्हाळ्यात मोर्शीला एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी एक बाई बसल्या. पानात वरण पडायच्या आत त्यांनी मला गाव विचारलं. मी म्हटलं, "अमरावती. राजापेठ."

"ते राह्याचं झालं. गाव कोणतं?"

गाव सांगितलं. मग ते माहेरचं की सासरचं, तिथले अमके ओळखीचे का, तमक्यांची सून कोण, असं करत करत मठ्ठा येईपर्यंत त्यांची एक चुलत नणंद आमच्या शेजारच्याच गावात दिलेली निघाली. त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी विचारलं, "अन् काम काय करता?"

इथे मी नेहमी अडकते. म्हटलं, "गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला टीव्हीसारखी स्क्रीन असते न, तिच्यावर जे दिसतं ते मी बनवते."

"म्हंजे पिच्चर?"

"पिच्चर नाही. बटणं."

"असं! शिवणकाम," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात जिलबी आली.

त्या बाईंना सांगायचं राहिलं ते इथे सांगते. जुन्या गाडीत साधा रेडिओ असतो. हौशी माणूस तो काढतो आणि तिथे हातभर नाही, पण वीतभर रुंद स्क्रीन बसवून घेतो. ती बसवणारी दुकानं वेगळी; सीट कव्हर, मॅट, हॉर्न विकणारी. आमच्या भागात या कामात अकोल्याच्या इरफानभाईंचा हात धरणारा कोणी नाही. स्क्रीन बसली की गिऱ्हाइकाला वाटतं, गाणी आणि नकाशा तर सगळ्यांकडेच आहे, आपल्याला आपल्या कामाचं काही पाहिजे. तिथे इरफानभाई मला फोन करतात. मी जे बनवते ते खरं म्हणजे वेबसाइटचं एक पान असतं. स्क्रीन कुठल्याही कंपनीची असो, पान तिच्यात उघडतं. मी राजापेठेत घरी बसून एक शब्द बदलला की मोर्शीच्या गाडीत तो बदलतो. वाटेत नेट गेलं तर आधी साठवून ठेवलेलं पान चालतं. डब्यातली भाजी, ताजी नसली तरी उपाशी ठेवत नाही.

हे काम बाहेरून सोपं वाटतं. पण फोनवरचं पान माणूस थांबून वाचतो आणि गाडीतल्या पानाकडे त्याने पाहू नये हेच आमचं पहिलं ध्येय. नजर गेलीच तर जावी आणि लगेच रस्त्यावर परत यावी. म्हणून बटणं थोडी, मोठी, दूरदूर. याची परीक्षा घ्यायची माझी रीत आहे. स्वयंपाकघरात गॅसच्या बाजूच्या भिंतीवर एक जुनी स्क्रीन ठोकलेली आहे. मी भाकरी थापायला घेते. हात पिठाचे, डोळे तव्यावर. अशा वेळी बोटाच्या पेराने जे बटण दाबता आलं ते गाडीत जाईल. ज्याच्यापायी भाकर करपली ते गेलं कचऱ्यात. माझ्या नवऱ्याने करपलेल्या भाकरी फार खाल्ल्या आहेत. तो म्हणतो, माझ्या प्रत्येक अॅपमध्ये त्याचा वाटा आहे, आणि ते खरं आहे.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एका व्यापाऱ्याला स्क्रीनवर लिंबू-मिरची लटकलेली पाहिजे होती, आणि दर शनिवारी ती आपोआप ताजी व्हायला पाहिजे होती. मी करून दिली. दोन दिवसांनी इरफानभाईंचा फोन. "मॅडम, गिऱ्हाईक बोल रहा है, मिर्ची हिलनी चाहिए. थांबेल मिरची काय कामाची?" मी मिरची हलवली. मग त्याला ती ब्रेक मारल्यावर जास्त हलायला पाहिजे होती. अकोल्याच्या मे महिन्यात तर स्क्रीन काळ्याठिक्कर पडतात, आणि गिऱ्हाईक माझ्यावर चिडतं. इरफानभाई स्क्रीनवर ओला दुपट्टा टाकून म्हणतात, "इसको भी लू लगती है, साहब." गिऱ्हाईक हसतं आणि माझी सुटका होते. मिरची काय आणि दुपट्टा काय, यात कुणाचं पोट अडलेलं नसतं. उमेशचं अडलेलं होतं.

उमेशला मी पहिल्यांदा इरफानभाईंच्या दुकानात पाहिलं. तिशी ओलांडलेला, धिप्पाड, शर्टाच्या खिशात कंगवा. लहानपणच्या एका तापात त्याचे कान गेले, आणि कान गेले म्हणून बोलणंही नीट उमटलं नाही. सोबत त्याची बायको वैशाली. दोघांची खुणांची भाषा त्यांनीच घडवलेली, भांडायलासुद्धा पुरेल अशी भरपूर. लोकांशी तो फोनवर टाइप करून बोलायचा. ओठ वाचायचा, पण वऱ्हाडीच. पुण्याचं माणूस बोलायला लागलं की त्याला एक शब्द लागत नसे.

बरीच वर्षं तो मामाच्या संत्र्याच्या गाडीवर होता. मामाने गाडी विकली. लायसन रीतसर, हात सफाईदार, आरशावर नजर अशी की मागून येणारी मोटारसायकल तो ऐकणाऱ्याच्या आधी पाहायचा. अमरावतीच्या राऊतभाऊंचा टॅक्सीचा छोटा धंदा आहे. त्यांनी त्याला एका गाडीवर घेतलं. पण सवाऱ्यांच्या तक्रारी यायला लागल्या.

"भाऊ म्हणले, दिवाळीवरी पाह्यतो," वैशाली सांगत होती. "तवरी नाई जमलं तं दुसरा डायवर ठेवीन म्हणते. मॅडम, हे घरी बसले तं येड्यासारखं होईन यायचं. संत्र्याच्या गाडीवर बरं होतं. संत्रे थोडीच डायवरशी बोलते?"

माझा चेहरा उतरला असावा. उमेशने फोन माझ्यापुढे धरला. लिहिलं होतं, "रडका चेहरा करू नका मॅडम. कामाचं सांगा." मला हसू आलं आणि तो माणूस मला तिथेच आवडला.

मी जीव ओतून काम केलं. पाच मोठी बटणं: थांबा, हळू, डावीकडे, उजवीकडे, एसी. सवारीने बटण दाबलं की उमेशने काही वाचायचं नाही. स्क्रीनची कड एका रंगाने भरून जायची. लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे हळू. डोळ्याच्या कोपऱ्यातून कळायचं. मागे बसलेल्यांसाठी सीटच्या पाठीला क्यूआर कोडची खूण चिकटवली. फोनने तिचा फोटो घेतला की तीच बटणं त्यांच्या फोनवर. सगळ्यात वर ठळक अक्षरात पाटी: "चालकास ऐकू येत नाही. सूचनांसाठी खालील बटणांचा वापर करावा." भाकरीची परीक्षा एका दमात पास. मी स्वतः त्याच्या गाडीतून अकोल्याला जाऊन आले. लाल म्हटलं की लाल, पिवळं म्हटलं की पिवळं. इरफानभाई म्हणाले, "मॅडम, ये तो विमान बना दिया." मी फुगले.

पंधरवड्याने राऊतभाऊंचा फोन आला. "मॅडम, तुमचे बटनं चालते. मानूस नाई चालून राह्यला."

"म्हणजे? काय तक्रार आहे?"

"तेच समजत नाई न! गाडी बेस चालवते, टायमावर नेते, अन् लोकं म्हंतात दुसरा डायवर द्या. कोनी म्हंते घमंडी हाय. एक जन म्हने, मयतीच्या गाडीत बसल्यासारखं वाटलं. आमचा मुका काई वाईट नाई जी, पन धंदा हाय न बावा."

'आमचा मुका'. राऊतभाऊ माणूस कडू नव्हता, पण त्यांच्याकडे उमेशला हेच नाव होतं. सवाऱ्याही तक्रार करताना 'तो मुका' म्हणायच्या. मला राग आला. त्या शब्दाचा आला आणि माझं काम चालत नाही याचाही आला. मी बटणं आणखी मोठी केली, रंग आणखी गडद केले. तक्रारी तेवढ्याच राहिल्या आणि दिवाळी जवळ यायला लागली. वैशालीचे फोन यायचे. ती काही मागायची नाही, नुसती विचारायची, "जमंन न मॅडम?" 

शेवटी मी राऊतभाऊंना म्हटलं, मला एका सवारीसोबत मागे बसू द्या. अचलपूरचं एक म्हातारं जोडपं डोळ्याचं ऑपरेशन करून घरी परत जाणार होतं. त्यांची हरकत नव्हती. बाबा पुढे बसले, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, गळ्यात दुपट्टा. आजी आणि मी मागे.

गाडी शहराबाहेर पडली. बाबांनी उमेशकडे पाहून काहीतरी म्हटलं. उमेशची नजर रस्त्यावर; त्याला कळायचं कारण नव्हतं. बाबांनी पुन्हा म्हटलं. मग मान वाकडी करून, उघडा डोळा स्क्रीनला लावून, ते बटणांवरून बोट फिरवायला लागले. चुकून 'हळू' दाबलं, कड पिवळी झाली, गाडी हळू झाली. बाबा दचकले. मग 'एसी' दाबलं गेलं. मी मागून म्हटलं, "बाबा, काय पाहिजे?"

"बाई, ह्याच्यात गाव इचाराचं बटन कुठी हाय?"

"गाव? त्यांना रस्ता माहीत आहे बाबा."

"रस्त्याले काय करू? याच्या भरोशावर जीव टाकून बसलो न मी, एका डोळ्यानं आंधळा. हा कोठचा, कोनाचा, मले मालूम नोको?"

आजी म्हणाल्या, "बसल्यापासून बोलून राह्यले हे त्याच्यासंग. तो काईच बोलत नाई. यायले वाटलं, आपला राग आला त्याले."

वऱ्हाडात माणूस शेजारी बसला की पहिलं गाव. ते कळल्याशिवाय घशाखाली पाणी उतरत नाही. हे मला जन्मापासून ठाऊक आणि माझ्या बटणांत थांबा होतं, हळू होतं, गाव नव्हतं. मी सूचना देण्याची सोय केली होती. लोकांना सूचना द्यायच्याच नव्हत्या.

याला आणखी एक कारण होतं आणि तेही सांगते. हा प्रश्न मला कधीच गोड लागला नाही. आमचं घर जयभीमचं. वडील पोस्टात होते, बदलीच्या प्रत्येक गावी भाड्याची खोली पाहावी लागायची. घरमालक आधी गाव विचारायचे. मग आडनाव. आडनाव ऐकलं की ती खोली कालच कुणाला तरी दिलेली निघायची. गावाच्या मागे दबा धरून काय बसलेलं असतं ते मी लहानपणी पाहिलं आहे. त्यामुळे गाव विचारायचं बटण माझ्या हातून आपणहून झालंच नसतं. पण पुढे बसलेले बाबा काही खोली नाकारायला बसले नव्हते. त्यांना भीती वाटत होती आणि ओळख पाहिजे होती, एवढंच.

परतवाड्याच्या अलीकडे चहाला थांबलो. मी उमेशच्या फोनवर टाइप केलं, "बाबा तुमचं गाव विचारताहेत."

त्याने वाचलं. चहाचा कप खाली ठेवला. पुन्हा वाचलं. मग लिहिलं, "मले इचारून राह्यले?"

मी मान हलवली. त्याने बाबांकडे पाहिलं. मग लिहायला लागला, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि फोन माझ्या हातात दिला. "लहानपनापासून लोकं माहं गाव मायले इचारते. लग्न झाल्यावर वैशालीले इचारते. मी बाजूलेच उभा रायतो."

माझे डोळे भरून आले. पण रडका चेहरा चालत नव्हता, म्हणून मी चहाच्या टपरीकडे तोंड केलं. तोवर त्याने फोन घेऊन बाबांसमोर धरला होता. मोठ्या अक्षरात एकच शब्द होता. बाबांना दिसेना, मी वाचून दाखवला. "पिंपळखुटा."

"कोणता पिंपळखुटा?" बाबा सरसावून बसले. "मोर्शीकडचा का धामनगावकडचा?"

उमेशने ओठ वाचले होते. त्याने हाताने मोर्शीची दिशा दाखवली, अचूक, जशी त्याच्या डोक्यात होकायंत्र बसवलेलं असावं.

"अरे मंग तिथं तं माह्या साळीले देल्ली! वड्याच्या बाजूनं घर. सांग न त्याले, बाई!"

आजींच्या बहिणीचं घर तिथल्या ओढ्याकाठी आहे, असं मी टाइप केलं. उमेशने वाचलं, दोन्ही हातांनी हवेत घराचं छप्पर काढलं, मग पुढे आंब्याचं झाड, मग मिशीला पीळ. बाबा आजीकडे वळून ओरडले, "अवं, साडभाऊले ओळखते हा! मिशा दाखोल्या पाह्य त्यानं!"

गाडीत बसल्यावर बाबांनी दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि ते झोपले. अचलपूर येईपर्यंत झोपले. आजी हळूच म्हणाल्या, "आपरेशनपासून डोळा नव्हता लागला यायचा." आरशात उमेश त्यांच्याकडे पाहून घेत होता आणि खड्डा आला की माझ्या पिवळ्या रंगाची वाट न पाहता गाडी हळू करत होता.

घरी येऊन मी सगळं मोडलं आणि पुन्हा मांडलं. वरची सरकारी पाटी काढली. नवीन मजकूर वैशालीने सांगितला: "या, बसा जी. मी उमेश, पिंपळखुट्याचा. मले कानानं ऐकू येत नाई. बोटानं बोला." त्याखाली पहिलं बटण, 'गाव कोणतं?' ते दाबलं की उत्तर यायचं, "पिंपळखुटा, मोर्शीकडचा." पुढची बटणं उमेशने स्वतः ठरवली, उत्तरंही त्याचीच. 'मामाचं गाव?' 'पोरंबाळं?' 'गाडी कवापासून चालवता?' याचं उत्तर होतं, "संत्र्यापासून. एक संत्रं दबलं नाई." 'लग्न झालं काय?' याला त्याने लिहिलं, "झालं. पोरगी दाखवू नका, बायको मारते." सवारी हे वाचायची तेव्हा त्याने मान वळवायची गरज नव्हती, सवारी हसली की आरशात त्याला दिसायचं. आणि एक बटण उलटं: 'तुमचं गाव सांगा.' सवारीने लिहायचं, पण उमेशला ते गाडी थांबल्यावरच दिसायचं. चहाच्या थांब्यावर तो ते वाचायचा आणि त्या गावातलं काहीतरी हातवाऱ्यांनी करून दाखवायचा. संत्र्याच्या गाडीने त्याला अर्धं वऱ्हाड फिरवलं होतं.

आडनावाचं बटण मी केलं नाही. का नाही ते त्याला माझ्या वडलांच्या खोल्यांसकट सांगितलं. त्याने लिहिलं, "बराबर. कोनी इचारलंच तं सांगतो, आडनाव डायवर."

सगळंच बटणाने झालं असं नाही. एक सूटबूटवाला पाटी वाचूनच खाली उतरला आणि मागे न पाहता गेला. त्या दिवशी उमेश घरी जेवला नाही, असं वैशालीने सांगितलं. बस स्टँडच्या गर्दीत सवारी शोधायचं अजून नीट जमलेलं नाही, तिथे वैशालीलाच फोनवर बोलावं लागतं. मला त्याची खंत आहे.

दिवाळी आली. राऊतभाऊ काही बोलले नाहीत. दिवाळी गेली, तरी काही बोलले नाहीत, आणि गाडी उमेशकडेच राहिली. वैशालीने अनारसे पाठवले. मला वाटलं, आता विचारायला नको. झोपलेल्याला कशाला उठवा.

मग एक दिवस राऊतभाऊंचाच फोन. मी म्हटलं, झालं, पुन्हा तक्रार.

"तक्रार नाई जी. ते अचलपूरचे बाबा हाय न, त्यायले दुसऱ्या डोळ्याच्या आपरेशनले यायचं हाय. मी म्हनलं, मोठी गाडी धाडतो, आरामात या. तं म्हंतात, गाडी कोनतीबी धाडा, पन पिंपळखुट्याचा डायवर धाडा. अन् ते एकटे नाई. कालपासून तिघा जनायनं हेच म्हनलं. आता मीबी तेच म्हनून राह्यलो."

मी फोन ठेवला आणि हे सगळं, शब्द न बदलता, उमेशला लिहून पाठवलं. बराच वेळ उत्तर आलं नाही. गाडी चालवत असणार. मी भाकरी थापायला बसले. शेवटची तव्यावर असताना भिंतीवरच्या स्क्रीनवर त्याचा निरोप उमटला, आणि तो वाचता वाचता भाकर करपली.

"बाबाले पक्कं इचारून घ्या मॅडम. कोणता पिंपळखुटा?"